शून्य पर्सेंटाईलवाल्यांची गुणवत्ता



आमच्या वस्तीतली एक मुलगी सरकारी मेडिकलला एमबीबीएस करते. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं गेलं, "नीटला तुझा कटऑफ किती होता गं?" मार्क किती, असं नाही. कटऑफ किती. विचारणारीला मार्क नको होते, जात हवी होती.

ज्या कटऑफला ही मंडळी देवासारखं पुजतात, त्याचं पुढे काय झालं ते बघा. २०२३ च्या नीट-पीजीला, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेला, खुल्या गटासाठी पात्रता होती ५० पर्सेंटाईल. एससी, एसटी, ओबीसींना ४०. (पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातले किती उमेदवार तुमच्या मागे आहेत, तो आकडा.) मार्कांत सांगायचं तर ८०० पैकी २९१ आणि २५७. फरक ३४ मार्कांचा. या ३४ मार्कांपायी आपण आयुष्यभर ऐकून घेतो, "कोट्यातल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्याल का?"

मग जागा रिकाम्या राहिल्या, आणि २० सप्टेंबर २०२३ ला पत्र निघालं: सर्व गटांसाठी पात्रता शून्य पर्सेंटाईल. परीक्षेला बसलेला अगदी शेवटचा उमेदवारही पात्र. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, म्हणजे मार्क शून्याखाली गेले तरी हरकत नाही! सव्वा वर्षापूर्वीच, जून २०२२ मध्ये, १,४५६ रिकाम्या जागांसाठी आणखी एक फेरी मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने दर्जाशी तडजोड नको म्हणून परत पाठवलं होतं.

यावर थोडी कुरकुर झाली. पण २००६ साली ओबीसी आरक्षणाविरुद्ध मेडिकलची मुलं जशी रस्त्यावर उतरली, तसं कुणी उतरलं नाही. रुग्णांच्या जिवाची काळजी तेव्हा कुठे गेली होती?

कारण सरळ आहे. सरकारी कॉलेजातली रेडिओलॉजीची जागा सहसा रिकामी राहत नाही. राहतात त्या अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीसारख्या, आणि खासगी कॉलेजातल्या, वर्षाला कित्येक लाख फी असलेल्या. शून्याचं दार सगळ्यांना उघडलं म्हणतात. आमच्या पोरांनी त्या दारातून जायचं तर आधी घर विकावं लागेल, आणि वस्तीतल्या घराचे येतात किती?

यावर उत्तर तयार असतं, "अहो, ते सगळे एमबीबीएस पास आहेत. प्रवेश परीक्षा फक्त जागा वाटायला असते, डॉक्टर एमडीची परीक्षा पास होऊनच बाहेर पडतो." अगदी मान्य! आम्ही इतकी वर्षं हेच तर सांगतोय. पण फीवाल्याला शून्य चालत असेल, तर आमच्या ४० ने गुणवत्ता कशी मेली?

परीक्षेतल्या मार्कांत घरची ऐपत, शिकवणी, आईबापाचं शिक्षण हेही मिसळलेलं असतं, म्हणून गुणवत्ता नुसत्या मार्कांवर मोजता येत नाही. हे मी म्हणत नाही. ओबीसींच्या ऑल इंडिया कोट्यावरच्या जानेवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच हे मांडलंय. पण तो निकाल वाचतो कोण?

त्या मुलीला मी सांगितलं, सप्टेंबरचं ते पत्र मोबाईलमध्ये ठेव. पुन्हा कुणी कटऑफ विचारला की उघडून दाखव. तिने होस्टेलच्या ग्रुपवरच टाकलं. दोन दिवस झाले, कुणी काही बोललेलं नाही.