हाताप्रमाणे मूठ

‘होईल सवय’ हे आपल्या घराघरांतले फार जुने औषध आहे. नवी चप्पल चावते? होईल सवय. वर्गातला बाक उंच आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत? होईल सवय. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची कात्री चालवता येत नाही? होईल, हळूहळू होईल. या औषधाने कधी कधी गुण येतो, हे मी नाकारत नाही. पण एका ठिकाणी ते हमखास अपाय करते, आणि ते ठिकाण म्हणजे पिस्तूल नेमबाजीची रेंज.

माझे या खेळाशी नाते हौशी नेमबाजाचे. गेली काही वर्षे रविवारी सकाळी एका क्लबमध्ये नव्या मुलामुलींना पहिले धडे देण्याचे काम मी आवडीने करतो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन ब्राँझपदके मिळवली, त्यातले एक सरबजोत सिंगच्या जोडीने; आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक. साहजिकच चौकशीला येणारे आईवडील वाढले. त्यांतल्या मुलींची संख्याही मोठी. आनंदाचीच गोष्ट आहे.

अडचण पुढे सुरू होते. क्लबचे पिस्तूल एक आणि हात दहा. त्याची मूठ बहुधा मोठ्या पुरुषी पंजाला बसेल अशी. बारा-तेरा वर्षांची मुलगी ती धरते, तेव्हा तिचे बोट चापापर्यंत जेमतेम पोचते. दोन-तीन आठवडे गेले की ती म्हणते, “अंगठ्याच्या मुळाशी दुखतं.” शेजारी उभे असलेले वडील लगेच सांगतात, “सर, घरीही हिचं असंच असतं. तक्रारी फार. होईल सवय!” आणखी दोन महिन्यांनी ती मुलगी यायची बंद होते, आणि आपण म्हणतो, तिला आवड नव्हती.

आवडीचा इथे काय संबंध, ते जरा हिशेबाने पाहू. दहा मीटर एअर पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून धरायचे असते. वजन साधारण एक किलो. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पिस्तुलाच्या टोकाशी असलेली माशी आणि मागची खाच यांत अंतर सुमारे एक फुटाचे, तर लक्ष्य त्याच्या तीसपटीहून अधिक लांब. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे तीन सेंटिमीटर सरकतो. दहाचे सात होतात.

हा एक मिलिमीटर पुष्कळदा डोळ्यामुळे नव्हे, मुठीमुळे सरकतो. मूठ मोठी असली की चापाला पोचण्यासाठी पंजा वळवावा लागतो, मनगट तिरपे होते आणि माशी मधोमध आणण्यासाठी ते दर वेळी जोर लावून सरळ करावे लागते. पहिले दहा नेम हे जमते. चाळिसाव्या नेमाला स्नायू थकतो आणि मनगट आपल्या मूळ वळणावर जाते. म्हणजे ज्याला आपण एकाग्रतेचा अभाव म्हणतो, तो बऱ्याचदा लाकडाचा दोष असतो.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. रिकामे पिस्तूल लक्ष्याच्या दिशेला उचलायचे, डोळे मिटायचे, हात स्थिर होऊ द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी आपोआप खाचेच्या मधोमध असेल तर मूठ तुमची. ती दर वेळी एकाच बाजूला पडत असेल तर मुठीकडे पाहा. मागच्या खाचेचे स्क्रू फिरवून हे दुखणे जात नाही. स्क्रूने छर्रा पडण्याची जागा बदलते, मनगटाचा पीळ तसाच राहतो.

उपाय सुताराचा आहे. मूठ पिस्तुलापासून सोडवायची. जिथे पोकळी राहते तिथे लाकडात भरतात ती लांबी थोडी थोडी भरायची, जिथे टोचते तिथे कानस हलकेच फिरवायची. आधी भरणे आणि मग घासणे हा क्रम बरा, कारण घासून गेलेले लाकूड परत येत नाही. चापावरचे बोट लाकडाला न चिकटता मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर चाप दाबताना बोट सगळे पिस्तूलच ढकलते. चांगल्या पिस्तुलात चापही मागेपुढे सरकवता येतो. तळव्याखालची सरकती फळी हाताला टेकेल इतकीच वर घ्यावी. ती पंजा आवळू लागली की हात बधिर होतो.

तोलाचेही तसेच. नळीच्या पुढच्या अंगाला छोटी वजने लावली की टोक शांत राहते, पण दंड लवकर भरून येतो. वजन हाताजवळ ठेवले तर पिस्तूल हलके वाटते, पण टोक भिरभिरते. लहान वयाच्या मुलीला प्रौढ विजेत्याचा तोल देणे म्हणजे तिला थोरल्या भावाचा कोट घालण्यासारखे आहे.

काही जण म्हणतील, हे सगळे लाड झाले. तसे नाही. नियम याला मर्यादा घालतात. चापावरचा दाब ५०० ग्रॅमहून कमी चालत नाही, पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये, मुठीने हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगटाला टेकू देता कामा नये. मूठ हाताची कुबडी होणार नाही, याची काळजी नियमच घेतात. आपल्याला ती फक्त हाताची शत्रू होऊ द्यायची नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. मग जिद्द महत्त्वाची की मूठ? माझे उत्तर असे, की जिद्द महत्त्वाचीच, पण ती खर्च कुठे करायची हा प्रश्न आहे. दुखापत कुणाच्या हातात नसते. लाकूड मात्र आपल्या हातात असते. जे अर्ध्या तासाच्या कानसकामाने सुटेल, त्यावर एका मुलीने दोन वर्षांची जिद्द का जाळावी?

उलट टोकाचा धोकाही सांगायला हवा. काही नेमबाज प्रत्येक वाईट दिवसानंतर कानस काढतात. त्यांची मूठही बिघडते आणि मनही. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा आणि काही दिवस त्याच मुठीने नेम धरून मगच पुढचा विचार करावा. मापात बसवणे आणि चाळे करणे यांत फरक आहे.

क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की आणखी एक नवे पिस्तूल घेण्याआधी आहे त्या पिस्तुलांसाठी लहान, मध्यम, मोठ्या आणि डावखुऱ्या हाताच्या मुठी घ्याव्यात. त्या सुट्या मिळतात आणि एकच पिस्तूल अनेकांच्या हाताला बसते. मुठीचे काम कळणारा एक माणूस महिन्यातून एकदा बोलवावा. आणि आईवडिलांनी मुलगी ‘दुखतं’ म्हणाली, तर ‘होईल सवय’ म्हणण्याआधी ‘नेमकं कुठे?’ एवढे विचारावे. जिला ती जागा बोट ठेवून दाखवता येते, ती आपल्या हाताकडे लक्ष द्यायला शिकली आहे. आणि नेमबाजीत त्यापेक्षा मोठा पहिला धडा नाही.