कायद्याच्या शिक्षणातला ताण: काही समजुतींचे खंडन

कायद्याच्या विद्यार्थ्यावर येणारा ताण बहुतांशी चार गोष्टींतून तयार होतो: अभ्यासाची पद्धत, शिक्षणाची भाषा, पैशाची ओढाताण आणि सनद मिळाल्यानंतरच्या पोटापाण्याची अनिश्चितता. त्यावरचा उपायही मुख्यतः याच चार ठिकाणी करावा लागतो. प्रचलित समजुती मात्र वेगळे सांगतात. कोणी ताणाला मोठ्या शहरांचे दुखणे मानतो, कोणी मनाची कमजोरी, तर कोणी वकील घडवणारी भट्टी. या समजुती नंदुरबार जिल्ह्यात ताडून पाहिल्या, तर एकही टिकत नाही.

पहिली समजूत अशी, की ताण असतो तो राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, जिथे लाखोंची फी आणि बड्या लॉ फर्मच्या नोकऱ्यांसाठी चढाओढ असते. लहान जिल्ह्यातल्या महाविद्यालयात कसला आलाय ताण? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. इथे कायदा शिकायला येणाऱ्यांत धडगावकडचा पावरी बोलणारा असतो, नवापूरचा मावची बोलणारा असतो, शहाद्याकडचा अहिराणी किंवा गुजर बोलीत वाढलेला असतो. शाळेत मराठी ही त्याची दुसरी भाषा होती; कायद्याची पुस्तके बहुतेक इंग्रजीत, म्हणजे तिसऱ्या भाषेत येतात. घरात वकील तर सोडाच, पदवीपर्यंत पोचलेलाही अनेकदा तोच पहिला असतो. शिष्यवृत्तीचा किंवा आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयं योजनेचा हप्ता लांबला, की खोलीभाडे आणि खानावळ अडते. चढाओढीचा ताण इथे कमी असेलही, पण एकट्याने वाट काढण्याचा ताण कितीतरी जास्त आहे, आणि तो कोणाच्या हिशेबात धरला जात नाही.

दुसरी समजूत अधिक घातक आहे: ज्याला ताण झेपत नाही, तो मुळातच कच्चा. अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठात अँड्र्यू बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्याला प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्यांची मानसिक स्थिती सर्वसाधारण लोकांसारखीच आढळली. पहिल्या वर्षात नैराश्याची आणि चिंतेची लक्षणे झपाट्याने वाढली आणि पदवीनंतर दोन वर्षांनीही ती पूर्वपदावर आली नव्हती. माणसे तीच, बदलले ते शिक्षणाचे वातावरण. दोष विद्यार्थ्याच्या माथी मारण्याआधी हा क्रम ध्यानात घ्यायला हवा. नंदुरबारमध्ये त्यात आणखी एक बाब येते. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात जागरण, पाणी कमी पिणे, थंडी आणि मानसिक ताण यांनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि रक्तक्षयामुळे थकवा कायमचा असतो. अशा विद्यार्थ्याला आळशी ठरवणे हा उघड अन्याय आहे.

तिसरी समजूत बार रूममध्ये वारंवार ऐकू येते. कोर्टात उभे राहायचे तर दडपण सोसता आलेच पाहिजे, आम्हीही असेच शिकलो, असे ज्येष्ठ सांगतात. त्यामागे हेतू चांगलाही असतो. थोडा ताण कामाला लावतो हे खरेच आहे. परीक्षा जवळ आल्याशिवाय बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याची मूळ संहिता, उघडत नाहीत असे विद्यार्थी कमी नाहीत. या मताच्या बाजूने यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८च्या प्रयोगाचा दाखला दिला जातो, पण तो अर्धवट. उंदरांना विजेचे झटके देऊन केलेल्या त्या प्रयोगात सोप्या कामात तीव्र झटक्याने शिकणे सुधारले. काम अवघड असताना मात्र सौम्य झटकाच बरा ठरला. कलमाचा अर्थ लावणे, दोन निवाड्यांतला फरक ओळखणे ही अवघड कामे आहेत. भर वर्गात अपमान करून ती शिकवता येत नाहीत. कोर्टातला धीर तयारीतून आणि सरावातून येतो.

चौथे मत आजकालचे: योग, प्राणायाम, ध्यान केले की झाले. झोप, व्यायाम आणि श्वसनाने शरीर शांत होते, त्यामुळे त्यांना नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याची एटीकेटी न कळलेल्या इंग्रजी वाक्यामुळे राहिली आहे, त्याला ते वाक्य उलगडून द्यावे लागते. ध्यानाने ते उलगडत नाही.

उलगडणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहता येईल. भारतीय न्याय संहितेचे कलम १०० सदोष मनुष्यवधाचे आणि कलम १०१ खुनाचे. दोन्हींची इंग्रजी वाक्ये लांबलचक आणि एकमेकांत गुंतलेली. विद्यार्थी ती दहा वेळा वाचतो, घोकतो आणि उत्तरपत्रिकेसमोर बसल्यावर गोंधळतो. तेच कलम १०० कागदावर तोडून लिहिले, तर मृत्यू घडवणारे कृत्य आणि त्यासोबतच्या तीन मनःस्थिती एवढेच उरते: मृत्यू घडवण्याचा हेतू, मृत्यू ओढवण्याचा संभव असलेली इजा करण्याचा हेतू, किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव. मग बांधावरच्या भांडणाची हकिकत आपल्या बोलीत मांडायची. कुऱ्हाडीचे पाते लागले की दांडा? घाव एक की अनेक? भांडण आयत्या वेळी पेटले की आधीपासून डाव होता? प्रत्येक उत्तरासरशी प्रकरण एका कलमाकडून दुसऱ्याकडे किंवा अपवादाकडे सरकते. त्यानंतर पुस्तक मिटून सगळे आठवून लिहायचे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले, की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहते. भीती कमी करणारा याहून स्वस्त उपाय नाही.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा शिकत असलेल्यांवर दुहेरी बोजा पडला, कारण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते. जुने ३०० म्हणजे नवे १०१, जुने ३०२ म्हणजे नवे १०३ असा दोन रकान्यांचा तक्ता मित्रांनी मिळून केला की हा बोजा निम्मा होतो. भाषेच्या बाबतीतही एक दिलासा आहे. २१ जुलै १९९८ पासून राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीतून देता येते. त्या परीक्षेला टिपणे नसलेले बेअर अॅक्ट सोबत नेता येतात. हे पहिल्याच वर्षी कोणी सांगितले, तर इंग्रजीचा बागुलबुवा बराच लहान होतो.

अभ्यासाला हेतू सापडणे हाही ताणावरचा उपायच. या जिल्ह्यात त्याची वाण नाही. अक्कलकुवा आणि अक्राणीतले सरदार सरोवराचे विस्थापित, २००६च्या कायद्याखालचे वनहक्काचे दावे, अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालचे ग्रामसभांचे अधिकार ही सगळी कायद्याचीच प्रकरणे आहेत. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते, एवढी माहिती घेऊन विधी साहाय्य केंद्रातला विद्यार्थी दावेदारासमोर बसला आणि त्याच्याच बोलीत बोलला, की वर्गात न्यूनगंड देणारी तीच बोली त्याचे बलस्थान ठरते.

पैशाच्या चिंतेवर शिकवणीचा उपयोग नाही, तिथे हक्क माहीत हवेत. सनदेसाठी भरमसाट शुल्क घेण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी मोडली: नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये, त्याहून अधिक नाही. ज्युनिअर वकिलाला ग्रामीण भागात दरमहा १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. ती केवळ सूचना आहे, बंधन नाही, आणि हेच तिचे मोठे वैगुण्य. सुरुवातीची वर्षे बिनपगारी काढायला लावणारा व्यवसाय गरीब घरच्या वकिलाला आपोआप बाहेर ढकलतो.

महाविद्यालयांची जबाबदारी आता ऐच्छिक राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. हजेरीचा कागद पुरा करण्यासाठी एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे हे पद लिहिणे म्हणजे या सूचनांना हरताळ फासणे होय.

काही ताण मात्र अभ्यासाच्या युक्त्यांच्या पलीकडे जातो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवणावर वासना नाही, कशातच मन लागत नाही अशी अवस्था असेल, तर तो वैद्यकीय उपचारांचा विषय आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी आणि जवळच्या माणसाने सोबत राहावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते, आणि तिथे मराठीतून बोलता येते.