'व्हिरिदियाना': धर्मनिंदेच्या वाचनाची मर्यादा

लुइस बुन्युएलच्या 'व्हिरिदियाना'ला (१९६१) धर्मनिंदक म्हणून धिक्कारणारे व्हॅटिकनचे मुखपत्र आणि त्याच कारणासाठी त्याला डोक्यावर घेणारे समीक्षक, दोघेही भिकाऱ्यांच्या 'अखेरच्या भोजना'पाशीच थबकतात. याला वाचन म्हणावे काय? चित्रपटाचा रोख श्रद्धेपेक्षा, दातृत्वातून स्वतःचे पावित्र्य सिद्ध करू पाहणाऱ्या अहंतेवर आहे. म्हणूनच गाडीला बांधलेला कुत्रा विकत घेऊन सोडवणारा इहवादी होर्हेही सुटत नाही. त्याच्या पाठीमागून तसाच कुत्रा बांधलेली दुसरी गाडी निघून जाते. धर्मनिंदेच्या चौकटीत या दृश्याला जागाच नाही. होर्हेच्या खोलीचे दार नायिकेमागे बंद होते, हा मूळ शेवट फ्रँकोच्या सेन्सॉरने नाकारला, त्याऐवजी आलेला तिघांचा पत्त्यांचा डाव (सेन्सॉरचीच कृपा!) कितीतरी अधिक बोचरा ठरला.