मांत्रिकाचे सोंग

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्यास कर्नाळ्याचा सुळका दुरून दिसतो. त्या मुलखातील ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवरचा भगत मात्र आपल्या घरांतील मुलांस चित्रांतूनच ठाऊक असतो: लाल डोळे, पिंजारलेल्या जटा, हाती कवटी. हे सोंग रंगविले कोणी?

त्याची वंशावळ दूरवर जाते. हैतीतील वूडू हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा धर्म. १७९१ च्या उठावास त्याचे बळ होते, व त्यातूनच १८०४ साली ते राष्ट्र स्वतंत्र झाले. पुढे १९१५ ते १९३४ पर्यंत अमेरिकेने हैती ताब्यात ठेवला. आणि त्याच काळात, १९३२ साली, ‘व्हाइट झॉम्बी’ या अमेरिकी बोलपटाने तेथला धर्म म्हणजे प्रेते राबविण्याची विद्या, असे जगास दाखविले. १९७३ साली मार्व्हलच्या चित्रकथांत ‘ब्रदर वूडू’ अवतरला. मांत्रिक आता नायक झाला खरा. पण धर्म चेटकाचाच राहिला! हैती सरकारने २००३ साली वूडूस धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली, तरी चित्रातील कवटी काही हलली नाही.

हे परक्यांचे पाप म्हणून आपण हात झटकू नयेत. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल चित्रकथांत, रानातील लोकांवर धाक ठेवणाऱ्या गोऱ्या नायकास मराठीत नाव मिळाले ‘वेताळ’. आरवलीच्या ज्या वेतोबास कोकणी माणूस भक्तीने भल्यामोठ्या चपला वाहतो, त्याच देवाचे हे नाव! नाव गोऱ्यास आणि भेसूर सोंग वनवासी पुजाऱ्यास, ही वाटणी आपण निमूटपणे वाचली.

कोणी म्हणेल, ही अंधश्रद्धेची वकिली झाली. मुळीच नव्हे. साप चावलेल्यास उपचारांपासून रोखून मंत्र घालणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, व तो असलाच पाहिजे. परंतु कायदा कृत्यास शिक्षा करतो. चित्र साऱ्या जमातीस करते. झाडपाल्याचे औषध देणारा, पाड्याचे देवकार्य करणारा भगत आणि भोळ्यांस लुबाडणारा भोंदू यांतील भेद ज्यास दिसत नाही, त्याने सुधारकाचा आव आणू नये.

उद्या एखादा कातकरी मुलगा शाळेत असली चित्रकथा उघडील आणि कवटी घेतलेल्या त्या सोंगात त्यास स्वतःचा आजा दिसेल. लाज त्याने कोणाची बाळगावी: आजाची, की आपली?