वाचनाचा सातबारा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा याद्यांचा असतो. वर्षातले सर्वोत्तम चित्रपट, सर्वोत्तम खेळी, सर्वोत्तम कादंबऱ्या. २०२५च्या जागतिक याद्यांवर हंगेरीची छाप आहे आणि ती साहजिक आहे. नोबेल लास्लो क्रास्नाहोरकाई यांना मिळाले आणि बुकर डेव्हिड सॉलॉय यांच्या ‘फ्लेश’ला, तिचा नायकही हंगेरीतलाच. मराठी याद्या पुण्या-मुंबईत तयार होतात. साताऱ्याचे ९९वे साहित्य संमेलन १ जानेवारी २०२६पासूनचे, तिथल्या पुस्तकांच्या मांडवात त्या आणखी लांबतात. पण अशी यादी पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत बसून करायची म्हटली, तर पहिल्याच अटीपाशी अडायला होते. ‘यंदा प्रसिद्ध झालेली’ ही अट इथे चालत नाही. नवी कादंबरी इथवर पोहोचते ती कुणी दादरहून पिशवीत घालून आणली तर, नाहीतर पुरस्काराची बातमी वाचून कुणी कुरियरने मागवली तर. म्हणून आमची अट एवढीच: पुस्तक यंदा वाचलेले असावे.

वाचायला वेळ मात्र आहे. २०१३च्या एप्रिलपासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. तेव्हापासून चर्चगेटपर्यंतचा सव्वाशे किलोमीटरचा प्रवास ही इथल्या नोकरदाराची वाचायची हक्काची जागा झाली. वाणगाव, बोईसर, पालघर असे करत विरार येईपर्यंत निवांत वाचता येते. विरारनंतर पान उलटायला हात हलवायचीही सोय नसते. तलासरीकराला हेही सुख नाही, त्याच्या वाट्याला महामार्ग आणि वडाप.

देविदास सौदागर यांची ‘उसवण’ अशा एका प्रवासात जाता-येता संपते. तिला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत ज्याचे शिलाईयंत्र हळूहळू थंडावत जाते, अशा शिंप्याची ही गोष्ट. सौदागर स्वतः तुळजापुरात हाच व्यवसाय करत आले आहेत, त्यामुळे कात्री-टेपची, उधारीची आणि सणासुदीच्या तोंडावर न आलेल्या गिऱ्हाइकाची माहिती त्यांना कुठून गोळा करावी लागलेली नाही. कादंबरी आखूड आहे, आणखी शंभर पाने चालली असती. पण आठवडी बाजारात दोरीवर टांगलेल्या तयार शर्टांच्या रांगा आणि कोपऱ्यात मशीन घेऊन बसलेला म्हातारा शिंपी रोज पाहणाऱ्याला ती परकी वाटत नाही.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ जास्त दमाची. धरणासाठी गाव उठले, माणसे दुसरीकडे बसवली गेली, जनावरे मागे राहिली. मागे राहून रानटी झालेल्या म्हशीला परत आणायला एक माणूस जुन्या गावी जातो. एवढ्या कथानकावर खोतांनी विस्थापनाची अशी कादंबरी उभी केली आहे, की २०२३चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला तेव्हा कुणाची भुवई उंचावली नाही. साताऱ्याच्या संमेलनाचे अध्यक्ष विश्वास पाटील यांची १९९१ची ‘झाडाझडती’ही धरणग्रस्तांचीच. ती मात्र कचेऱ्या, मोबदले, दलाल, खोटी आश्वासने यांचा हिशेब मांडत जाते. आम्हाला साहित्य म्हणून ‘रिंगाण’ उजवी वाटते. पण उपयोगाची कोणती असे कुणी विचारले, तर डहाणूत उत्तर ‘झाडाझडती’ असेच येईल. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाने इथली आदिवासी कुटुंबे उठवली आणि आज ते पाणी वसई-विरारच्या नळांना जाते. बुलेट ट्रेनचे खांब शेतांतून गेले, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग तलासरीतून गेला, आणि ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मोजणीची माणसे गावात आली की काय विचारायचे, कशावर अंगठा द्यायचा नाही, हे शिकवणारी कादंबरी आवडती ठरली तर वाचकाला दोष कसा द्यावा?

कविता महाजन यांची ‘ब्र’ २००५ची. ती यंदा पुन्हा वाचली आणि वाचायला निमित्तही होते. २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला; म्हणजे २०२५च्या डिसेंबरात त्याला २९ वर्षे झाली. (२४ डिसेंबर ही साने गुरुजींचीही जयंती. शाळांत तीच साजरी होते, पेसाची आठवण काढायला ग्रामसभा भरवावी लागते.) डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे गावच्या जमिनीबद्दल, जंगलाबद्दल ग्रामसभेचे म्हणणे इथे कायद्याने महत्त्वाचे. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचे काय होते, हे ‘ब्र’ त्या बायकांच्याच बोलण्यातून सांगते: खुर्ची एकीची, सही दुसऱ्याची, धमकी तिसऱ्याची. कविताताई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वसईत राहत होत्या. त्यांनी वारली लोकगीतांवरही काम केले होते, आणि कान तयार असल्याचे कादंबरीत जाणवते. २०१८मध्ये त्या गेल्या. पुस्तक कुठे कुठे अहवालाकडे झुकते, संस्थांच्या राजकारणात रेंगाळते. तरी सरपंचबाई बोलू लागल्या की सगळे माफ.

आणि आता यादीतली सर्वांत आवडती. ती मराठी नाही. गोपीनाथ मोहंती यांची ओडिया कादंबरी ‘परजा’, बिक्रम दास यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचलेली. कोरापूटच्या डोंगरांत राहणारा सुक्रू जानी, त्याचे दोन मुलगे, दोन मुली. वनरक्षकाची नजर थोरल्या मुलीवर पडते. नकार मिळाल्यावर तो झाडे तोडल्याचा ठपका ठेवतो, दंड बसतो. दंड भरायला सावकार, सावकाराची फेड म्हणून बाप आणि मुलगा ‘गोती’, म्हणजे बांधलेले मजूर. मग जमीन जाते, मुली जातात, आणि शेवटी कुऱ्हाड उठते. सुक्रू कुठेही मूर्ख नाही, हे मोहंतींचे मोठेपण. प्रत्येक पायरीवर तो त्यातल्या त्यात शहाणा निर्णय घेतो आणि तरीही बुडतो.

‘परजा’ प्रसिद्ध झाली १९४५ साली. त्याच वर्षी २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. कोरापूटच्या ‘गोती’ला इथे ‘लग्नगडी’ म्हणत. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या शेदोनशे रुपयांच्या बदल्यात नवरा-बायको जन्मभर त्याच्या वाडीत राबत, आणि कर्ज फिटल्याचे कुणी सांगत नसे. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. २०२५मध्ये त्याला ८० वर्षे झाली. ओडिशात ज्याची कादंबरी झाली, त्याची इथे चळवळ झाली. सुक्रू जानीच्या हाती कुऱ्हाडीवाचून काही उरले नव्हते. झरीला जमलेल्यांच्या हाती लाल बावटा होता. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचताना ‘परजा’ दुप्पट जड वाटू लागते.

मग इथल्या चळवळीची कादंबरी कुठे आहे? या चळवळीच्या नेत्या गोदावरी (गोदूताई) परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७०चे, त्याला १९७२चा अकादमी पुरस्कार मिळाला. ते कादंबरीसारखे वाचले जाते, पण कादंबरी नाही, आठवणी आहेत. अनुताई वाघांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ याही आठवणीच. या मुलखाची दोन मोठी पुस्तके, दोन्ही बाहेरून येऊन इथल्याच होऊन गेलेल्या बायकांची. त्यांनी काहीही लपवले नाही, उसने घेतले नाही. पण आठवणीत लिहिणाऱ्याला जे दिसले तेवढेच येते. गोदूताई निघून गेल्यावर रात्री झोपडीत नवरा-बायको काय बोलले, संपात न उतरलेल्या घराशी शेजाऱ्यांनी चूल कशी तोडली, जमीनदाराच्या वाडीत वाढलेल्या पोराने कुणाची बाजू घेतली, हे कादंबरीच सांगू शकते. आणि ते आतल्या माणसाने सांगावे लागेल.

वारल्यांकडे गोष्ट नाही असे कोण म्हणेल? लग्नात धवलेरी रात्रभर गाते ती गोष्टच असते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांच्या हातचा लग्नचौक कागदावर, कापडावर आणला आणि जाळी टाकणारे कोळी, मुंग्यांची वारुळे, गावची पायवाट अशी कितीतरी कथानके रंगवली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता वारली चित्र कुर्त्यावर, चहाच्या कपावर, विमानतळाच्या भिंतीवर आहे. त्या चित्रातल्या माणसाचे आडनाव काय, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे विचारायला कुणी थांबत नाही. ते विचारण्याचे काम कादंबरीचे.

अडचणी खऱ्या आहेत. पाड्यावरचे मूल घरी वारली बोलते आणि शाळेत पुस्तकी मराठी शिकते. दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर जातात. पदवी मिळवलेला पहिला मुलगा शिक्षक किंवा तलाठी होतो आणि त्याच्या पगारावर आठ माणसे असतात. कादंबरीला दोन-तीन वर्षांची सलग फुरसत लागते. पण धुळे जिल्ह्यात नजुबाई गावीत यांनी असल्याच परिस्थितीत, चळवळीत पूर्णवेळ राहून, ‘तृष्णा’ लिहिली, ‘भिवा फरारी’ लिहिली. आदिवासी बाईने आपल्या माणसांची गोष्ट आपल्या हिशेबाने सांगितली. यंदाच्या यादीत ‘भिवा फरारी’ नाही, कारण डहाणूत ती कुणाकडे मिळाली नाही. साताऱ्याहून परतणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून ती येईल असा निरोप होता, आणि वाचायला रांगेत तलासरीच्या कॉलेजातल्या दोन मुलींनी आधीच नावे सांगून ठेवली होती.