वारस आणि कलम

बारामतीचा खरा वारस कोण? जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि हा प्रश्न चावडीवर आला. २०२४ च्या लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर, विधानसभेला काका-पुतण्या! मतदारांनी लोकसभेला सुप्रिया सुळे यांना कौल दिला, विधानसभेला अजित पवारांना. तो त्यांचा निर्णय. आमचा मुद्दा वेगळा आहे. साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी असलेला 'वारस' हा शब्द मुळात अरबी आहे, हे त्या गदारोळात कुणाला आठवले काय? वारस, वारसा, वारसदार, वारसाहक्क. हे शब्द टाळून एखाद्या पाटलाने आपल्या मुलाचे नाव सातबाऱ्यावर चढवून दाखवावे!

इंग्रजीत घराण्याच्या वारसाला आणि कलमाच्या काडीला एकच शब्द आहे, 'सायन'. मराठीने त्यासाठी दोन शब्द घेतले, वारस आणि कलम. दोन्ही अरबीतूनच आले. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे झाडाला बांधलेली काडी, आणि कायद्याचे कलम तेही हेच. मराठी माणसाचे लिहिणे, पेरणे आणि भांडणे या एका शब्दावाचून अडते.

आता इंदापूर तालुक्यातील द्राक्षबागांत चला. बोरीच्या शेतकऱ्याला विचारा, बाग कशी उभी राहिली? आधी 'डॉगरीज'चा खुंट लावायचा. हा अमेरिकेतल्या रानवेलीचा वंश. खारवट जमीन आणि पाण्याची ओढ सोसणारा. तो जोमात आला की वरून छाटायचा, चिरा द्यायचा, पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायचे. काडी बहुधा थॉमसनची किंवा तिच्यातून आपल्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या सोनाकासारख्या वाणाची. आणि थॉमसनचे मूळ कुठले? इराण-तुर्कस्तानकडचे! मूळ अमेरिकेचे, काडी पश्चिम आशियाची, माती-पाणी इंदापूरचे. त्या द्राक्षाला बाजारात कुणी 'परकीय' म्हणत नाही.

मग आम्हालाच का म्हणता? "तुम्ही मराठी छान बोलता हो!" हे कौतुक आम्ही किती पिढ्या ऐकायचे? आपल्याच घरात आपल्याला पाहुणा ठरवणारे हे कौतुक आम्हाला नको आहे. भाषाशुद्धीवाल्यांनी फार्सी-अरबी शब्द हुसकावण्याचा चंग बांधला होता. त्यांच्यात माधव जूलियनही होते. १९२५ साली फार्शी-मराठी कोश त्यांनीच सिद्ध केला होता! कोश उरला, शब्दही उरले. ज्या मालोजीराजांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, नगरच्या शाह शरीफ पीरावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ते याच इंदापूरच्या लढाईत पडले. मोरोपंतांच्या बारामतीपासून फार दूर नाही ते श्रीगोंदे. तिथे शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. त्यांना कुणाची परवानगी लागली नव्हती.

पण बोट केवळ बाहेर दाखवून भागणार नाही. आपल्यातलेही काही ठेकेदार सांगतात की मराठी ही 'त्यांची' भाषा, आपला वारसा उर्दूच. उर्दूवर आमचे प्रेम आहेच. पण बाजारात, कचेरीत, शाळेत ज्या भाषेत पोट भरते तिला परकी म्हणायचे, हा कृतघ्नपणा आहे. आणि वारशाच्या गप्पा मारणाऱ्या याच घरांत बापाच्या मयतीनंतर काय होते? सूरह निसाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला, मुलाच्या निम्मा का होईना. पण नीरेच्या कालव्याखालच्या उसाच्या जमिनीला भाव आला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. "भावाचं तोंड बघ," म्हणून सही घेतली जाते. तेव्हा कुठे जाते शरीअत? कुठे जाते संविधानाचे कलम १४? शरीअत बचावच्या मोर्चात पुढे असणारे त्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात.

वारसा हवा असेल तर तो पुरता घ्या. मराठीच्या वारसनोंदीत आमचे नाव लागलेच पाहिजे, आणि आमच्या घरच्या वारसनोंदीत आमच्या लेकींचे. ही दुसरी नोंद आम्ही स्वतः केली नाही, तर पहिली मागण्याचा नैतिक अधिकार आम्हाला उरणार नाही. सुरुवात येत्या वारसनोंदीपासून करा, आणि हातातली कलम खाली ठेवू नका.