डास मारावेत की अंग झाकावे?

पावसाळा ओसरला की आपल्या गोव्यात निसर्ग शिबिरांचे दिवस सुरू होतात. बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, सत्तरीतली गावे, जिथे तिथे तंबू. नावनोंदणी करताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "तिथे डास-किडे नाहीत ना हो?" आणि आयोजकांचे उत्तरही ठरलेले : "काळजी नको, आदल्या दिवशी धूर फवारून घेतो." पालक खूश, आयोजक खूश. माझ्या मते हा प्रश्नही चुकीचा आणि उत्तर त्याहून चुकीचे.

ऊब, ओल आणि पाचोळा एवढे मिळाले की कीटकाला आणखी काही लागत नाही. गोव्याच्या रानात या तिन्ही गोष्टी मुबलक. म्हणूनच ते रान आहे. ज्या रानात किडा नाही तिथे पक्षी नाही, बेडूक नाही आणि पावसाच्या तोंडाला झाडे लखलखवणारे काजवेही नाहीत. काजवा हाही शेवटी किडाच! मुलांना काजवे दाखवायला न्यायचे आणि आदल्या दिवशी तिथे कीटकनाशकाचा धूर सोडायचा, यातली विसंगती कुणाला कशी खटकत नाही?

हा धूर नेमके काय करतो तेही पाहा. त्यात बहुधा पायरेथ्रॉइड जातीचे औषध असते. त्या वेळी हवेत उडत असलेला डास मरतो. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि काही दिवसांत नवी फौज उडू लागते. तेच औषध जवळच्या व्हाळात उतरले तर मासे, झिंगे आणि चतुराची पिल्ले यांना ते फार घातक ठरते. चतुराची पिल्ले पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. म्हणजे चोर सोडून आपण पोलिसालाच मारतो.

आणि डासांचे खापर रानावर तरी किती फोडायचे? १९८६ साली गोव्यात हिवतापाने पुन्हा डोके वर काढले ते पणजी शहरात. बांधकामांवर साठवलेले पाणी हे त्याचे मोठे कारण होते. रानातही शिबिरवाले मागे टाकून येतात त्या बाटल्या, पेले आणि करवंट्यांत पाणी साचते आणि डास वाढतात. धुरापेक्षा केरकचरा परत आणण्याचा नियम अधिक डास कमी करील.

आपली परंपरा या बाबतीत शहाणी होती. सातेरीला आपण कोणत्या रूपात पुजतो? रोयणीच्या, म्हणजे वाळवीच्या वारुळाच्या. गावची देवता म्हणून कीटकांचे घर गाभाऱ्यात ठेवणारा आपला समाज. भर पावसात ज्या रोयणीच्या अळम्यांसाठी आपण वाटेल तो भाव मोजतो, त्या अळम्याही वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीतूनच वर येतात. वाळवी गेली की अळमी गेली.

पण म्हणून "निसर्गात काही धोका नसतो, मुलांना चावू दे थोडे" म्हणणारे जे निसर्गप्रेमी आहेत, त्यांच्याशीही माझे जमत नाही. माकडताप हा काही गमतीचा विषय नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात हा रोग प्रथम ओळखला गेला. २०१५ साली तो आपल्या सत्तरीत, पाली गावापर्यंत पोचला. तो गोचिडीतून पसरतो आणि जीवघेणा ठरू शकतो. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका शिबिरांचा आणि काजूचा. वाळलेल्या पाचोळ्यात बारीक गोचिडी असतात. मेलेले माकड दिसले तर त्याच्या अंगावरच्या गोचिडी भोवती पसरलेल्या असतात. तिथे थांबू नये, हात लावू नये, वनखात्याला कळवावे. ही माहिती शिबिराच्या पत्रकात का नसते? "मुले घाबरतील" म्हणून? खरे तर नावे गळतील म्हणून!

मग करायचे काय? रानाला औषध मारण्यापेक्षा आपले अंग झाकावे. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे (त्यावर गोचीड चटकन दिसते), विजारीची टोके मोज्यांत खोचलेली, कडा अंथरुणाखाली दाबलेली मच्छरदाणी. उघड्या त्वचेला मलम किंवा तेल. यात आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेले 'डेपा' आहे. शेजारच्या कर्नाटकात माकडतापाच्या भागात हे तेल लोकांना वाटले जाते. डीईईटी असलेले मलमही चालते, मात्र ते प्लॅस्टिक खराब करते, तेव्हा चष्मा आणि घड्याळाचा पट्टा सांभाळावा.

संध्याकाळी कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे गोचीड शोधावी. सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. काडीचा चटका, रॉकेल असले उपाय करू नयेत. परतल्यावर दोनेक आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला आधी सांगावे, "रानात जाऊन आलो." दिवा तंबूपासून दूर आणि पिवळा ठेवावा. पांढऱ्या उजेडावर येणारा एक बारीक काळा-नारिंगी किडा अंगावर चिरडला तर त्वचा भाजल्यासारखी होते. तो चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. पावसात भेटते ती जळू. ती कीटक नव्हे, पण तिचीच धास्ती अधिक. नखाने तिचे तोंड सोडवावे. रक्त बराच वेळ वाहते, पण घाबरण्याचे कारण नसते. राहता राहिला आजीच्या काळचा सोडणांचा धूर. तो उघड्यावर ठीक, तंबूत मात्र कधीही नको.

यातले काहीच महागडे नाही आणि त्याने रानातला एकही चतुर मरत नाही. तेव्हा पालकहो, पुढच्या शिबिराची नावनोंदणी करताना प्रश्न बदला. "तिथे किडे नाहीत ना?" असे विचारू नका. "मच्छरदाणी आहे का? संध्याकाळी मुलांचे अंग तपासता का? आणि धूर मारत नाही ना?" असे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला आयोजक अडखळला तर दुसरे शिबिर शोधा.